घर विकताना ओल सांगायची का?

२०२३च्या ऑक्टोबरात गवंड्याने आमच्या गावच्या घराची पश्चिमेकडची भिंत पाच दिवसांत नवी करून दिली. आतला फुगलेला गिलावा चार फुटांपर्यंत खरवडला, वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेला सिमेंटचा गिलावा मारला, वर पुट्टी आणि मोतिया रंग. जाताना हात पुसत म्हणाला, "मेपर्यंत बिनघोर राहा. पुढचं मी सांगत नाही."

काका हसले, मीही हसलो. आम्हाला मेपर्यंतच हवं होतं. घर विकायला काढलं होतं.

पुढचे सहा महिने ही भिंत माझ्या डोक्यातून गेली नाही. प्रश्न साधा आहे आणि तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी पडेल. सेकंडहँड बाइक विकताना, भाड्याचा फ्लॅट दुसऱ्याला देताना, लग्न ठरताना. समोरच्याने विचारलं नाही, तर आपल्याला ठाऊक असलेला दोष सांगायचा का? आणि सांगितला, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

भिंत

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. घर पणजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. तो भोकाभोकांचा दगड आहे. पाणी पितो आणि सोडतोही.

कोकणातल्या भिंतीत पाणी दोन वाटांनी शिरतं. एक खालून. जोत्याखालची माती पावसाळाभर भिजलेली असते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी दगडातून वर चढतं. दुसरी वाट समोरून. पश्चिमेचा वारा पाऊस आडवा करून भिंतीवर मारतो, ती झड. त्याच वाऱ्याने खिडक्यांच्या फटींतूनही पाणी आत येतं. आमच्याकडे त्या फटींत चिंध्या कोंबून ठेवायचे.

पूर्वी या भिंतीला आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा होता. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, पण त्यातून वाफ जाऊ शकते. भिंत पावसाळ्यात प्यायलेलं पाणी दिवाळीनंतर सोडून द्यायची. चुना दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावा लागे. शिवाय मे महिना संपता संपता पश्चिमेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. झड झापांवर आपटायची, भिंत मागे कोरडी राहायची.

१९९०च्या दशकात, माझ्या जन्माच्या आगेमागे, आजोबांनी सगळीकडे सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा ती प्रगतीच होती. चुन्याची कटकट संपली, आणि सिमेंट आहे म्हटल्यावर झाप कशाला, म्हणून तेही बंद झाले. पण सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. पाणी खालून चढायचं थांबत नाही, त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते. मग ते आणखी वर चढतं किंवा आतल्या बाजूला फुटतं. त्याच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन बसतात आणि गिलावा आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. मिश्रणात किनाऱ्यावरची वाळू पडली असेल तर संपलंच. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तशी ती भिंत पाऊस नसतानाही हवेतली ओल ओढत राहते. आमच्या गिलाव्यात कुठली वाळू होती हे काका कधी धड सांगत नाहीत, त्यावरून काय ते समजावं.

आजीची कॉट या भिंतीला लागून होती. पावसाळ्यात तिचा दमा वाढायचा. "समुद्राची हवा सोसत नाही" असं सगळे म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि श्वसनाच्या त्रासाशी, दम्याशी त्यांचा संबंध त्यात स्पष्ट सांगितला आहे. ते मी फार नंतर वाचलं. आजीचा दमा भिंतीमुळेच वाढत होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कॉट दुसऱ्या खोलीत हलवावी हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, हे मात्र खरं.

हात लावून बघणं

डिसेंबरात एका रविवारी ठाण्याहून एक जोडपं घर बघायला आलं. बरोबर चार वर्षांची मुलगी. त्यांना ओटी आवडली, विहीर आवडली, मागची उरलीसुरली वाडी आवडली. पश्चिमेच्या खोलीत बाईंनी नव्या भिंतीवर तळहात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "किती गार आहे ना! एसीसुद्धा लागणार नाही." मग मुलीला विचारलं, "ही तुझी खोली करायची का?"

भिंत गार होती कारण तिच्या पोटात अजून पावसाळा होता. मला माहीत होतं, काकांना माहीत होतं. दोघेही काही बोललो नाही.

ते गेल्यावर मी काकांना विचारलं, "ओलीचं सांगायला हवं होतं का?"

काका म्हणाले, "त्यांनी विचारलं का? विचारलं तर सांगू. मी खोटं बोलणार नाही."

बहुतेक सज्जन माणसांची रेघ इथेच असते. खोटं बोलायचं नाही, पण आपणहून सांगायचंही नाही. मलाही ती रेघ तोपर्यंत पुरेशी वाटत होती.

घोडा आणि घर

पुण्याला परतल्यावर मी आधी कायदा वाचला. आपल्याकडे दोन जुने कायदे या प्रश्नावर बोलतात आणि गंमत म्हणजे वेगवेगळं बोलतात.

१८७२च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. त्याखाली एका घोड्याचं उदाहरण दिलंय. एक जण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणाऱ्याने बजावलं असेल की तू नाकारलं नाहीस तर मी घोडा धडधाकट धरून चालेन, तर तिथे गप्प बसणं म्हणजे बोलल्यासारखंच.

घराला मात्र वेगळा नियम आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने आपणहून सांगायचा असतो. न सांगणं ही फसवणूक धरली जाते.

यातली मेख माझ्या थोडी उशिरा लक्षात आली. सप्टेंबरात आमची भिंत कुणी पाहिली असती तर शाळकरी पोरालाही कळलं असतं की ओल आहे. पोपडे पडत होते, काळी बुरशी होती, वास होता. तेव्हा घर विकलं असतं तर हा दोष न सापडणारा आहे असं कुणी म्हटलं नसतं. भिंत स्वतःच सांगत होती. आम्ही गिलावा मारला आणि तिचं तोंड बंद केलं. म्हणजे "आम्ही फक्त गप्प बसलो" हेही खरं नव्हतं. पंधरा हजार रुपये खर्चून ती शांतता आम्ही तयार करून घेतली होती.

एका मित्राने मधला मार्ग सुचवला होता, पीव्हीसीचे पॅनल लाव, छान दिसतं. थंड देशांत भिंतीला आतून अस्तर लावतात ते ऊब राखायला. आपल्याकडे ओल्या भिंतीवर पॅनल ठोकलं की मागे हवा कोंडते आणि बुरशी निवांत वाढते. प्रश्न एका थराने आणखी मागे जातो, एवढंच.

दोन हजार वर्षांपूर्वीचं रोगट घर

मग सापडला सिसेरो. इसवी सनपूर्व ४४मध्ये या रोमन वकिलाने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात नेमकं आमचंच घर आहे. एक भला माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, खोल्यांमध्ये साप निघतात, लाकूड खराब आहे, पण हे फक्त त्यालाच माहीत आहे. त्याने सांगावं का?

सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, घे म्हणून जबरदस्ती केली होती का? मला नकोसं झालं ते मी विकायला काढलं, तुला आवडलं ते तू घेतलंस. आणि दवंडीवाल्याने रोगट घर विकायला आहे असं ओरडायचं, याहून हास्यास्पद ते काय? दुसरा अँटिपेटर, डायोजिनीसचाच शिष्य. तो म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं हे अथेन्समध्ये शापाला पात्र असलेलं पाप. हे तर त्याहून वाईट, कारण इथे तुम्ही माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावता.

सिसेरोचा निकाल अँटिपेटरच्या बाजूने जातो. काही न बोलणं म्हणजे दर वेळी लपवणं नव्हे, असं तो मान्य करतो. पण ज्याला ती गोष्ट कळण्यात हित आहे, त्याला ती कळू नये असं तुम्हाला तुमच्या फायद्यासाठी वाटत असेल, तर ते लपवणं.

ही कसोटी मी आमच्या भिंतीला लावली. त्या बाईंना कळू नये असं मला वाटत होतं का? हो. माझ्या फायद्यासाठी? हो. कळण्यात त्यांचं हित होतं का? त्या खोलीत त्यांची मुलगी झोपणार होती.

इसार द्यायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सिमेंट, ओल, ऑक्टोबरातला गिलावा, आजीचा दमा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "आम्ही जुलैत येऊन बघू. मगच ठरवू."

काकांचा हिशेब

काकांना हे त्यांच्याकडूनच कळलं. रात्री फोन आला.

"तुला खरं बोलायला परवडतं रे," ते म्हणाले. "एक तारखेला पगार येतो. माझी वाडी आडवी झाली तेव्हा मला कोण सांगायला आलं होतं?"

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. श्रीवर्धनची सुपारी नावाजलेली. काकांची सगळी वाडी त्या एका दुपारी झोपली. रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. काका तेव्हा साठीत होते. पुन्हा वाडी उभी करायची तर पहिला हंगाम सत्तरीच्या उंबरठ्यावर. घर विकायचं कारण तेच होतं. निम्मं घर बाबांचं, निम्मं काकांचं. बाबांसाठी ती जास्तीची रक्कम होती. काकांसाठी ते म्हातारपण होतं.

अँटिपेटरच्या युक्तिवादात हे माणूस नाही. तिथे विकणारा एकटा आहे, घर त्याचं, सचोटी त्याची आणि नुकसानही त्याचंच. पण खऱ्या आयुष्यात सचोटी एकाची असते आणि बिल बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर फाटतं. मी खरं बोललो ते काकांच्या पैशांनी.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. फोन करण्याआधी मी काकांना विचारलं नव्हतं. विचारलं तर ते नाही म्हणतील, म्हणून. म्हणजे ज्याचं हित गुंतलंय त्याला कळू नये असं मला वाटत होतं, माझ्या सोयीसाठी. सिसेरोची कसोटी माझ्यावरच उलटली. घेणाऱ्यापासून मी काही लपवलं नाही, पण काकांपासून लपवलं.

आज मला वाटतं, सांगायचंच होतं, यात शंका नाही. पण आधी काकांसमोर बसून सांगायचं होतं की मी हे सांगणार आहे, तुम्ही भांडा माझ्याशी, आणि जे कमी येईल ते माझं. खरं बोलायचं की नाही हे एकट्याने ठरवता येतं. त्याची किंमत कोण देणार हे एकट्याने ठरवता येत नाही.

हिरवट, तांबूस डाग

आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगावला, बेने इस्राएल समाजाचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यातली आडनावं गावांवरूनच आली, नवगावकर, किहीमकर, दिवेकर. हा समाज जो ग्रंथ पवित्र मानतो त्याच्या लेवीय नावाच्या भागात, चौदाव्या अध्यायात, भिंतीच्या ओलीसारख्याच एका गोष्टीचा कायदा आहे. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस, आत खोल गेलेले डाग दिसले तर मालकाने स्वतः जाऊन याजकाला सांगायचं. याजक घर रिकामं करवतो, तपासतो, सात दिवस बंद ठेवतो. डाग पसरले तर ते दगड काढायचे, आतला गिलावा खरवडून गावाबाहेर टाकायचा, नवे दगड, नवा गिलावा. तरी डाग परत आले तर घर पाडायचं.

मला यातली सुरुवात महत्त्वाची वाटते. याजक घरोघरी तपासत फिरत नाही. ज्याचं घर, त्यानेच जाऊन म्हणायचं की माझ्या घरात काहीतरी दिसतंय. आणि दोष असलेला माणूस इथे गुन्हेगार नाही. त्याने सांगितल्यावर पुढचं काम सुरू होतं, तपासणी, दुरुस्ती, वाट बघणं. आपल्याकडे दोष सांगणं म्हणजे भाव पाडून घेणं एवढंच उरलंय, म्हणून ते इतकं जड जातं.

झाप

जुलैत ते दोघं आले. गवंडी खरा ठरला होता. नव्या गिलाव्यावर हातभर उंचीचे फुगे आले होते आणि त्याच्या वरच्या, आधी कोरड्या असलेल्या भागात ओल चढली होती. बाईंनी पुन्हा तळहात ठेवला आणि काढून बघितला. ओला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी काकांनाच विचारलं, "तुम्ही लहान असताना पण असंच होतं का?"

काका खुर्चीतून उठले. छत्री घेऊन त्यांना पश्चिमेच्या बाजूला घेऊन गेले, मी मागे. भिंतीच्या वरच्या अंगाला ओळीने खुंट्यांची भोकं होती. मी ती आयुष्यभर पाहिली होती, कशाची ते कधी विचारलं नव्हतं. काका सांगू लागले. इथे झाप बांधायचे. बुडाशी असे, वर असे एकावर एक, पागोळीचं पाणी पुढे पडलं पाहिजे. जोत्याला लागून माती चढू द्यायची नाही, गटार हातभर लांब काढायचं. सिमेंट सगळं काढून टाका, एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या, मग चुना. म्हसळ्याकडे अजून एक जण चुन्याचं काम करतो. आणि मुलीला पूर्वेची खोली द्या.

पंचेचाळीस मिनिटं ते बोलत होते. यातलं अर्धं मलाही नवीन होतं.

आमच्या कामात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते तेव्हा सोबत माहीत असलेल्या त्रुटींची यादी जाते. प्रत्येक त्रुटीपुढे लिहिलेलं असतं, तोवर असं करा. त्रुटी लपवली तर ही दुसरी ओळही लिहिता येत नाही. आम्ही ओल लपवली असती तर झापही लपले असते. घर घेणाऱ्यांना एक सुंदर भिंत मिळाली असती आणि तिच्याशी कसं राहायचं हे सांगणारं कुणी मिळालं नसतं. आजोबांनी सिमेंट केलं तेव्हा आमच्या घरातही हेच झालं होतं. ओल दिसेनाशी झाली, मग झाप गेले, मग झाप का होते हे विसरलं गेलं, आणि आजीची कॉट तिथेच राहिली.

भाव चार लाखांनी कमी झाला. बाबा म्हणाले, "तू बोललास, तू निस्तर." काकांच्या वाट्याचे दोन लाख मी दिले. त्यांनी तीन दिवस काही उत्तर दिलं नाही, मग घेतले. पैसे दिल्याने मी त्यांना न विचारल्याची भरपाई झाली, असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं.

काका आता पनवेलला मुलाकडे असतात. परवा मे अखेरीला त्यांचा फोन आला. माझी चौकशी दोन वाक्यांत संपली. मग म्हणाले, "त्या ठाण्याच्या बाईंना फोन कर. झाप बांधले का विचार. नसतील तर माझा नंबर दे."